छत्तीस हजार झोत

गांगुर्डेमामांनी आधी पितळेची कडी केली होती,
सात. ती मी परत नेली.
निर्वातात जस्त सुटतं पितळेतून, म्हटलं.
"आधी बोलायचं ना," एवढंच बोलून
त्यांनी स्टील लेथवर चढवलं.
या वेळी कडा अशी धारदार
की गुंडाळायला घेतलेला देशदूतचा कागद कापला गेला.

बसवायला ते स्वतः आले,
अंबडहून स्कूटरवर, कानटोपी घालून.
"हे कशाला लागतं?"
उजेड अडवायला.
"मग दिवा बंद करा."

दिवा आमचाच आहे, मामा.
हिरवा. सेकंदाला दहा झोत.
एका झोतात प्रकाशाचे कण किती, ते लिहायचं तर
एकावर सतरा शून्यं.
त्यातले इलेक्ट्रॉनवर आपटून वळतात
आणि आमच्या भिंगात येतात
दोन.
कधी तीन. कधी कुणीच नाही.
बाकीचे भिंतींवर आपटतात, परत येतात
आणि आपणच इलेक्ट्रॉनकडून आलो असं सांगतात.

तार घालूनही मोजता येतं.
पण तार आत गेली की प्लाझ्मा बिचकतो,
पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा,
आणि मग आपण त्याचं बिचकणंच मोजत बसतो.

"तापमान किती म्हणालात?"
पस्तीस हजार अंश, अंदाजे.
त्यांनी सरळ टाकीवर तळवा ठेवला.
"कोमट आहे."
विरळ आहेत ना ते. फार विरळ.

मामा हात न काढता उभे राहिले.
मग तोच तळवा उलटा करून दाखवला:
"ग्राइंडरच्या ठिणग्या. चाळीस वर्षं झेलतोय.
लालबुंद असतात, पण भाजत नाहीत.
एवढ्याशाच असतात म्हणून."

याच गोष्टीवर मी प्रबंधाची तीन पानं लिहिली होती,
दोन समीकरणांसकट.

जानेवारीची रात्र. निफाडला पारा पाचवर,
द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्या असतील.
तळघरात झुलेखा आणि मी, शालीत पाय,
डोळ्यांवर नारिंगी चष्मे.
तास भरला की छत्तीस हजार झोत होतात.
बारा वाजता सातपूरचा भोंगा झाला, पाळी बदलली,
व्होल्टेज हललं, लेझर गचकला.
पुन्हा एकपासून.
झुलेखाने डब्यातली शेवटची खारी
मोजमाप केल्यासारखी मधोमध मोडली.

पावणेतीनला पडद्यावर काहीतरी उगवलं.
आधी वाटलं, भास.
मग म्हसरूळच्या लेण्याच्या डोंगरासारखं,
फक्त मधोमध खाच,
जिथे लेझरचा स्वतःचा रंग आम्हीच गाळून टाकलेला.
दोन्ही उतार मात्र शाबूत.
डोंगर जेवढा रुंद, तेवढे ते तापलेले.
त्याच्या पोटात जेवढी जागा, तेवढे ते सगळे मिळून.
पण तेवढे म्हणजे किती?
म्हणून सगळं बंद केलं, टाकीत नायट्रोजन सोडला,
मोजून, सिलिंडरमधला, साधा,
श्वासात असतो तोच,
आणि त्याच झोताखाली त्याला उभं केलं.
माप त्याचंच धरायचं.

पहाटे आनंदवलीजवळ गोदावरीवर धुकं होतं.
समोरून दुधाचा टेम्पो वळला,
त्याच्या दिव्याचा आख्खा खांब
बाजूने दिसला मला.
मोकळ्या हवेत दिसला नसता.
उजेड बाजूने दिसतो
तेव्हा वाटेत कुणीतरी असतं.

तशीच अंबडला गेले.
शेड नुकतीच उघडलेली. खिडकीत सुतळीला
ती परत आलेली पितळी कडी टांगलेली,
ऊन त्यांच्यावरून छतावर, लेथवर, चहाच्या किटलीवर,
नको तिथे सगळीकडे उडत होतं.

"मोजलंत?"
मोजलं. छत्तीस हजार.
"बरोब्बर?"
चार हजार इकडेतिकडे.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"चार हजार?
आमच्याकडे केसभर फरकाला
माल परत येतो."